टवक्याला कारण लागतं

प्रदर्शनाच्या टेबलावर डी हॅव्हिलंड मॉस्किटोचं मॉडेल ठेवलेलं असतं. जोडणीत खोट काढायला जागा नाही, रंग तलम बसलेला, आणि पंखांच्या कडांपासून शेपटीपर्यंत बारीक चंदेरी टवके. बघणारे वाहवा करतात. वाहवा हाताच्या कसबाला असेल तर ती रास्तच आहे. पण मॉस्किटो हे लाकडी विमान होतं. बर्च प्लायवुडचे दोन पापुद्रे, मधे बाल्साचं भरण आणि वरून डोप, म्हणजे कापड ताणून धरणारं रोगण, पाजलेलं सुती कापड. त्या कापडाचं नाव मादापोलम, आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या एका गावावरून पडलेलं. डोपच्या थरांत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असे, हे कबूल करू. तरीही लाकडावर ताणलेलं कापड पत्र्यासारखं सोलवटत नाही. ते विटतं, तडकतं, कुठे घासलं जातं. पत्र्यांचे जोड नाहीत, बोल्ट काढून उघडायची झाकणंही मोजकीच, मग टवके उडायचे कुठून?

युद्धकाळातल्या विमानाच्या मॉडेलवर झीज दाखवायची ती किती, कशी आणि कशाच्या भरवशावर, हा प्रश्न या छंदात निदान पन्नास वर्षं घोळतो आहे. त्यावर हत्यारं, रंग, पुस्तकं आणि भांडणं अमाप झाली. उत्तरं मात्र बहुतेक ‘कसं करावं’ याचीच मिळाली. ‘का करावं’ हे विचारणारे थोडे.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. १९४२ साली अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. प्रमाण १:७२, रंग सरसकट काळा. काम एकच: आकाशातली आकृती पाहून विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकाला ओळखता यावं. १:७२चं मॉडेल पस्तीस फुटांवरून पाहिलं की खरं विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसावं तसं दिसतं, हे त्यामागचं गणित. तिथे मळाला काय काम? पुढे प्लास्टिकची किट आली. १९५३मध्ये एअरफिक्सने काढलेल्या पहिल्या स्पिटफायरवर ‘बीटी-के’ ही अक्षरं ‘बीटीके’ अशी सलग छापली गेली आणि पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही.

झीज आली ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत. अमेरिकेत शेप पेन, बेल्जियममध्ये फ्रान्स्वा व्हेर्लिंडेन यांच्या कामामुळे लोकांना कळलं की पातळ काळपट रंग, म्हणजे वॉश, खाचांत सोडला आणि कोरड्या ब्रशने उंचवटे उजळले की प्लास्टिकला वजन येतं. पेन यांची देखावे कसे करावेत हे सांगणारी पत्रकं तर मोनोग्रामच्या किटच्या खोक्यातच मिळत. त्यानंतर एअरब्रश घराघरांत आला. रंगाच्या आधी जोडरेषांवर काळी फवारणी करण्याची, म्हणजे प्री-शेडिंगची पद्धत आली. मग स्पॅनिश मंडळींनी तेलरंगाचे ठिपके, रंगीत भुकट्या आणि पातळ ‘फिल्टर’ यांचं अख्खं शास्त्र उभं केलं. यातलं बरंचसं मुळात रणगाड्यांसाठी जन्मलेलं आहे, आणि माझ्या मते सगळ्या अतिरेकाचं मूळ इथेच सापडतं. रणगाडा चिखलात लोळतो, भिंतींना घासतो, त्याला पुसायला कोणी नसतं. विमान रोज संध्याकाळी चार माणसांच्या हाताखालून जातं. पृष्ठभाग खडबडीत झाला तर वेग घटतो, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

किती घटतो? स्पिटफायरच्या चाचण्यांत पत्र्यात सपाट बसणाऱ्या रिव्हेटांवर चक्क अर्ध्या केलेल्या वाटाण्याच्या डाळी चिकटवून पाहिलं होतं. उंच डोक्याचे स्वस्त रिव्हेट वापरले तर काय होईल हे मोजायचं होतं. ताशी वीसेक मैलांचा फटका बसला. मग एकेक ओळ डाळ काढत, कुठे उंच रिव्हेट चालतील आणि कुठे मुळीच नाहीत हे ठरवलं गेलं. ज्या यंत्राला डाळीचं ओझं जाणवतं, त्याच्या अंगभर सोललेला रंग कोण ठेवून घेईल?

याच ठिकाणी प्रमाणाचा हिशेब काढावा. फोमच्या तुकड्याने मारलेला अर्ध्या मिलिमीटरचा टवका डोळ्याला नाजूक वाटतो. १:७२मध्ये तो खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होतो. पेढ्याएवढा! असे दोनशे पेढे पंखावर विखुरले की विमान उडण्याच्या लायकीचं राहिलं आहे का, असा प्रश्न पडायला हवा. किटवर कोरलेली ०.२ मिलिमीटरची जोडरेषा खऱ्यात १४ मिलिमीटरची फट होते. तीत बोट जाईल. त्या फटीत पुन्हा काळा वॉश भरला की ती दिसते त्याहून रुंद भासते. म्हणून मी लढाऊ विमानावर वॉश काळा कधीच वापरत नाही. मूळ रंगाहून दोन छटा गडद, बस्स. आणि जिथे झाकणं खरोखर उघडतात, म्हणजे इंजिनाभोवती आणि बंदुकांच्या कप्प्यांवर, तिथे किंचित अधिक.

याउलट काही ठिकाणी झीज दाखवली नाही तर ती चूक ठरते. पॅसिफिकमधली व्हॉट कोर्सेअर घ्या. हिची पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, इंजिन आणि कॉकपिटच्या मधे. तिथून गळती होई आणि पेट्रोल पुढच्या काचेवर उडे. म्हणून मेकॅनिक त्या झाकणांच्या जोडांवर पांढरट चिकटपट्ट्या लावत. सुरुवातीच्या कोर्सेअरच्या फोटोंत कॉकपिटपुढे दिसणाऱ्या रेघा त्याच. ती पट्टी रंगवली की एक यांत्रिक दोष, एक चालवून घेतलेला उपाय आणि एका बेटावरचा कंटाळा, सगळं एका रेघेत येतं.

दुसरं उदाहरण जपानी लष्कराच्या कावासाकी हिएनचं, म्हणजे की-६१चं. यांतली पुष्कळ विमानं कारखान्यातून बिनरंगाची, नुसत्या पत्र्याची बाहेर पडत. हिरवे ठिपके नि नागमोडी पट्टे तुकडीत गेल्यावर मारले जात, तेही खाली प्रायमरचा थर न देता. दमट हवेत असा रंग टिकणार कसा? पोपडेच्या पोपडे निघत. इथे टवके कितीही मारा, फोटो साक्ष देतात. हेअरस्प्रेची युक्ती खरी शोभते ती अशाच विमानावर: खाली चंदेरी रंग, वर हेअरस्प्रेचा थर, त्यावर पाण्यात विरघळणारा हिरवा, मग ओल्या ब्रशने चोळून हिरवा काढायचा. खऱ्या विमानावर जे घडलं तेच इथे लहान प्रमाणात घडतं. थर घट्ट धरत नाही, म्हणून सुटतो. पण हीच युक्ती उचलून ब्रिटिश किंवा जर्मन विमानावर वापरली, आणि तशी ती सर्रास वापरली जाते, की मॉस्किटोवरच्या चंदेरी टवक्यांची गत होते.

धुराचंही तसंच आहे. बहुतेक मॉडेलांवर इंजिनाच्या नळकांड्यांमागे काळा पट्टा असतो. काळी काजळी इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं तेव्हाची, सुरू करताना, उड्डाणाच्या वेळी. लांब पल्ल्यावर, कमी पेट्रोलवर तासन्‌तास उडणाऱ्या विमानामागे राहतो तो फिकट करडा, राखेसारखा थर. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलेलं असे, त्याची ती राख. लँकेस्टर बाँबरच्या पंखांवर काळपट रंगावर पांढुरके पट्टे दिसतात ते यामुळे. म्हणजे धुराचा रंग निवडताना मॉडेल करणारा नकळत सांगत असतो की हे विमान आत्ता कुठून आलं.

स्पिटफायरच्या पंखातल्या मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे डोपने चिकटवलेले असत. ओल नि धूळ आत जाऊ नये आणि उंचावर बंदुका गोठू नयेत म्हणून. पहिल्या फैरीत ते फाटत. म्हणजे लाल तुकडे शाबूत असतील तर त्या उड्डाणात बंदुका चाललेल्या नाहीत. मग त्याच पंखाखाली बारुदाचे ताजे काळे ओघळ कसे? कालचे म्हणावेत तर शस्त्रागारवाल्याने नवे तुकडे लावताना पंख पुसलाच नाही असं मानावं लागेल. दोन्ही एकत्र दाखवणारी मॉडेलं मी मोजणं सोडून दिलं आहे.

चालण्याच्या खुणांबद्दल थोडक्यात. वैमानिक आणि मेकॅनिक पंखाच्या मुळाशी चढतात, तेही ठरावीक बाजूने. तिथे रंग घासलेला हवा. पंखाच्या टोकाशी कोणी फेऱ्या मारायला जात नाही.

आता पुराव्याकडे वळू. यात सगळ्यांत फसवा साक्षीदार म्हणजे संग्रहालयातलं विमान. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, लायसँडर, लिबरेटर एकाच आवारात पाहायला मिळतात. मापं घ्यायला, चाकांची घडी समजून घ्यायला यासारखी जागा देशात नाही. पण अंगावरचा रंग नंतरचा, कित्येक हातांनी दिलेला. आपल्याकडे चौकाचौकांत चौथऱ्यावर उभी असलेली निवृत्त जेट विमानं तर आणखी दिशाभूल करतात. त्यांचा रंग उडवला तो पावसाने आणि महापालिकेच्या उदासीनतेने, युद्धाने नव्हे. उलट टोकाला, २०१२मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सापडलेलं किटीहॉक. १९४२मध्ये उतरलेल्या त्या विमानाचा रंग वाळूने जागोजाग खरवडून पत्रा लख्ख केला होता. दृश्य विलक्षण, पण ती सत्तर वर्षांची झीज आहे. त्यातल्या त्यात लंडनच्या आरएएफ संग्रहालयातलं हॅलिफॅक्स बाँबर मला प्रामाणिक वाटतं. एप्रिल १९४२मध्ये तिरपिट्झ युद्धनौकेवरच्या हल्ल्यानंतर ते नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं, बुडालं आणि १९७३मध्ये वर काढलं गेलं. त्याला नव्यासारखं केलेलं नाही.

मग राहिले फोटो. ते बहुतेक कृष्णधवल आणि फिल्मच्या जातीप्रमाणे खोटं बोलणारे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा गडद येतो, निळा फिकट. त्या काळच्या फोटोतल्या राखाडी छटेवरून रंग ओळखायला बसलेली माणसं त्यामुळेच आयुष्यभर भांडतात. पर्ल हार्बरवर गेलेली झीरो विमानं शुभ्रकरडी होती की ऑलिव्हकडे झुकणारी? जर्मनांच्या अखेरच्या काळातल्या ८१, ८२ क्रमांकांच्या रंगांची नेमकी छटा कोणती, जेव्हा त्यांचा अधिकृत नमुनातक्ताच उपलब्ध नाही? या वादांत विद्वत्ता खरी आहे. पण रंगाची बाटली उघडून मॉडेलवर फवारली की दिव्याच्या उजेडाचा फरक त्या सगळ्या विद्वत्तेहून मोठा ठरतो.

लहान मॉडेलवर रंग फिका करावा, १:७२ला सुमारे १५ टक्के, १:४८ला १० टक्के पांढरा मिसळावा, हा एक नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कारण देतात ते मधल्या हवेचं. फूटभर अंतरावरून पाहिलेलं १:७२चं मॉडेल म्हणजे ७२ फुटांवरचं विमान. ७२ फुटांत हवा कुठला रंग फिका करते? रस्त्यापलीकडची एसटी काय फिकी दिसते? कारण मला पटत नाही. परिणाम मात्र पटतो. लहान वस्तूवर गडद रंग मुका होतो. म्हणून मी फिका करतो, टक्केवारी न मोजता.

‘अवघड मॉडेल’ म्हटलं की लोकांना हजार तुकड्यांचं महागडं जपानी किट आठवतं. खरं तर ते सोपं असतं. तुकडे जास्त, पण प्रत्येक आपल्या खोबणीत टक्‌ करून बसतो. अवघड ते मोजक्या नगांसाठी काढलेल्या साच्यांचं किट, चेक कंपन्यांची खासियत. जोडाला खुंट्या नाहीत, पंखाची मागची कडा जाड, रेझिनचे तुकडे घासून बसवायचे, पितळेचे कोरीव भाग घडी घालून वाकवायचे. आणि नेमकी आपल्याला हवी असलेली विमानं अशाच किटमध्ये मिळतात. कारण जगाला हजारावी मेसरश्मिट हवी असते. व्हल्टी व्हेंजन्स कोणाला हवी?

ती आपल्याला हवी. हे दोन माणसांचं अमेरिकी डाइव्ह बाँबर भारतीय वायुदलाच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या स्क्वॉड्रननी ब्रह्मदेशच्या आघाडीवर चालवलं. ८ नंबर १९४३च्या डिसेंबरात अराकानच्या बाजूला उतरली, ७ नंबर १९४४मध्ये इंफाळ-कोहिमाच्या धुमश्चक्रीत. पुढे वायुदलप्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल ७ नंबरमध्ये व्हेंजन्सवरच लढले. विमान दिसायला बेढब. वरून पाहिलं तर पंखाची मागची कडा मोडलेल्या डब्ल्यूसारखी. सरळ खाली सूर मारताना विमान बाजूला ओढलं जाऊ नये म्हणून पंख धडाला शून्य कोनात बसवलेला. परिणामी सपाट उड्डाणात नाक वर करून चालायचं आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसायचं नाही. उडत्या स्थितीत मॉडेल मांडायचं तर ही ऐट विसरून चालत नाही. सरळ मांडलं की ती व्हेंजन्स राहत नाही.

जोडायला ती छळते. पंखाच्या तुटक रेषेमुळे मुळाशी फट पडते. ती भरायला मी फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवतो. सुकल्यावर चटकन घासावं लागतं, एक रात्र गेली की दगड होतो. लांबलचक काचेचा पिंजरा, त्याच्या चौकटी एकेक झाकून रंगवायच्या. पंखांवर वर-खाली जाळीदार ब्रेक, ते पितळेतच शोभतात.

आणि झीज? इथे सगळा आढावा एका विमानावर लावून पाहता येतो. विमान पत्र्याचं, त्यामुळे पंखाच्या मुळाशी थोडे टवके चालतील. १,६०० अश्वशक्तीचं राइट इंजिन तेल पिण्याबद्दल बदनाम होतं, म्हणून पोटाखाली तेलाचे ओघळ हवेतच. त्यांची दिशा वाऱ्याची, मागे जाणारी. कच्च्या धावपट्टीची धूळ चाकांपासून पंखाच्या खालच्या बाजूला. धुळीसाठी बाटलीतली परदेशी भुकटी मी आणत नाही. गेरू, खडूची पूड आणि थोडी काजळी सॅंडपेपरवर घासून घेतली की आसाम-अराकानची माती हुकमी मिळते. रंग अमेरिकेत दिलेला, ब्रिटिश खाकी-हिरव्याला जवळचा पण नेमका तोच नव्हे. तो उन्हापावसाने विटलेला.

विटलेला रंग करणं मुंबईत वेगळं दुःख आहे. जुलैत एनसी थिनरमध्ये पातळ केलेला रंग फवारला की हवेतली ओल त्यात शिरते आणि पृष्ठभाग पांढरट धुरकट पडतो. मिठाचे खडे चिकटवून वरून रंग मारायची जी पद्धत आहे, तीत मीठच पाझरू लागतं. एकदा मी हे धुरकटपण खरवडून काढायला बसलो आणि मधेच लक्षात आलं की पंखाचा विटलेला भाग याहून बरा मला जमला नसता. तसाच ठेवला. दुसरा पंख मात्र थंडीची वाट पाहून केला, आणि दोन्ही जुळवायला मार्च उजाडला.

या सगळ्याहून मोलाची खूण मात्र मळाची नाही, ताज्या रंगाची आहे. ब्रिटिश बनावटीच्या चिन्हात मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा. जंगलावरून झरकन जाणाऱ्या विमानातला लाल दिसला की आपलेच लोक गोळ्या झाडतील, म्हणून या आघाडीवर लाल काढून टाकला गेला. गडद निळ्या वर्तुळात, पांढऱ्यात निळा कालवून केलेला फिका निळा ठिपका, शेपटीवरही तेच दोन रंग. कारखान्यात रंगवून आलेल्या विमानाच्या अंगावर हे बदल हातांनी झाले. म्हणजे भोवतालचा खाकी-हिरवा विटलेला, आणि चिन्हाभोवती ताज्या, गडद रंगाचं कडं, जुन्या मोठ्या वर्तुळाला झाकणारं. टवके नाहीत, काजळी नाही. फक्त एक जरा वेगळा हिरवा.

गेल्या वर्षी माझी व्हेंजन्स टेबलावर मांडली तेव्हा एका जाणत्याने वाकून पाहिलं आणि चिन्हाभोवती रंग चुकून गडद झालाय, दुरुस्त करून घ्या, असं सांगितलं. मी मान डोलावली. किटबरोबर आलेल्या डेकॅलच्या कागदावर फिक्या निळ्याची जी छटा आहे तिच्याबद्दल मात्र माझं अजून समाधान नाही. कपाटात दुसरं किट आहे. त्याची चिन्हं मास्क कापून एअरब्रशनेच मारायची असं ठरवलंय, पाऊस थांबला की.